पाळण्याचा हूक

आवाज आला तेव्हा मी बाहेरच्या खोलीत व्याह्यांच्या हातात चहाचा कप देत होतो. माझ्या नातीचं बारसं चाललं होतं. बायका मधल्या हॉलमध्ये पाळण्याभोवती, पुरुष बाहेर खुर्च्यांवर. आतला गलका इतका होता की आम्हाला एकमेकांशी ओरडून बोलावं लागत होतं. मग लाकूड फरशीवर आपटल्याचा आवाज झाला, त्यामागून साखळी खळखळली आणि गलका थांबला. घरभर बायका असताना इतकी शांतता मी त्याआधी कधी ऐकली नव्हती.

कप माझ्या हातात राहिला की व्याह्यांच्या हातात गेला हे मला आजही सांगता येत नाही. मी दारात पोहोचलो. बायकांच्या पायांमधून पाळणा दिसला. तो कुशीवर पडला होता आणि त्याच्यावर साखळ्यांचा ढीग होता. त्याच्या पुढं, भिंतीला टेकून, तोंड भिंतीकडं करून एक गाठोडं पडलं होतं. अंगडं घातलेलं, डोक्याला गुलाबी टोपडं. ते टोपडं मी ओळखलं. आदल्या आठवड्यात महाद्वार रोडवर मीच ते घेतलं होतं. टोपडं हलत नव्हतं.

 माझ्या मागून व्याही आले, त्यांनीही ते पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून "आई गं" एवढंच निघालं. मला एकच गोष्ट कळत होती. वर छताला जिथं हूक होता तिथं आता एक खड्डा होता, आणि तो हूक मी बसवला होता.

बारशाची रीत मला माहीत नव्हती असं नाही. आमच्याकडं बाळाला पाळण्यात घालण्याआधी वरवंट्याला घालतात. वरवंटा धुवायचा, त्याला हळदकुंकू लावायचं, बाळासारखं अंगडं-टोपडं घालायचं, आणि दोन्ही बाजूंच्या बायकांनी तो पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हातात देऊन मग पाळण्यात ठेवायचा. बाळ दगडासारखं दणकट व्हावं म्हणून. माझ्या मुलीच्या बारशात हे सगळं मी पाहिलं होतं. पण त्या दारात उभा असताना मला त्यातलं काही आठवलं नाही.

"वरवंटा हाय ओ, वरवंटा हाय!" माझी मेहुणी ओरडली. तिनं वाकून ते गाठोडं उचललं, टोपडं मागं सारलं आणि काळा दगड आम्हा सगळ्यांना दाखवला. त्याच्या एका टोकाचा कपचा उडाला होता.

तरीही माझा विश्वास बसला नाही. मी मुलीला शोधत होतो. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बाळ तिच्या खांद्यावर झोपलेलं होतं. वरवंट्याचं झालं की तिला पुढं बोलावणार होते. ती पाळण्याकडं बघत नव्हती, वरवंट्याकडं बघत नव्हती. वर, छताकडं बघत होती.

इतक्या गर्दीत कुणाला खरचटलंही नव्हतं. पाळणा पडताना दोन्ही बाजूंच्या बायका मागं सरल्या होत्या. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी तिथंच, बायकांच्यात, चटईवर बसलो. 

पाळणा व्याह्यांच्या घरचा. ते नेसरी गावचे. त्यांच्याकडं सगळी बाळं ह्याच पाळण्यात वाढली, जावईसुद्धा. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मुलगी आमच्याकडं होती, आणि बारसंही आमच्याकडं ठरलं, म्हणून पाळणा गाडीत घालून कोल्हापुरात आला. सागवानी, चार कोपऱ्यांवर चार लाकडी मोर, पितळी साखळ्या. मी तो काट्यावर घातला. साखळ्यांसकट बावीस किलो. बाळ तीन किलोच्या थोडं वर. वरवंटा चार. अंथरूण-पांघरूण धरूनही सगळं मिळून तीस किलोच्या आत.

नेसरीला तो घराच्या तुळईला टांगलेला असे. आमच्याकडं तुळई कुठली? आमचं स्लॅबचं घर, पाच इंची स्लॅब, वर गच्ची. हॉलच्या मधोमध पंखा. पाळण्यासाठी नवीन हूक लागणार होता.

मी हिशेबाच्या नोकरीतला माणूस. कुठलीही गोष्ट अंदाजानं करणं मला जमत नाही. घरातलं टांगायचं, ठोकायचं, जोडायचं काम मी स्वतःच करतो, कारण बाहेरचा माणूस घाईत करतो. हार्डवेअरच्या दुकानात दुकानदारानं माझ्यापुढं तीन वस्तू ठेवल्या. पहिली प्लॅस्टिकची गिट्टी आणि तिच्यात फिरवायचा हूक. ती भिंतीवरच्या घड्याळासाठी ठीक, ती मी बाजूला केली. दुसरी लोखंडी फास्टनर. भोक पाडायचं, तो आत ठोकायचा, पान्यानं नट आवळला की त्याची नळी आत फुगते आणि काँक्रीटला धरते. तिसरी आरपार जाणारी लांब सळी, आट्यांची. ती स्लॅबमधून वर गच्चीत काढायची, वर पोलादी पट्टी टाकून नट आवळायचा.

"पाळण्याला आरपारच चांगलं," दुकानदार म्हणाला. "पण गच्ची फोडावी लागंल."

इथं मी अडलो. गेल्याच उन्हाळ्यात मी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं होतं. त्याआधीची दोन वर्षं हॉलच्या कोपऱ्यात पावसाळाभर बादली असे. नीट झालेल्या गच्चीला मी भोक पाडणार नव्हतो. मी फास्टनर घेतला, दहा मिलिमीटरचा. पाकिटावर त्याची ताकद लिहिली होती ती मला हव्या त्या वजनाच्या कितीतरी पुढं होती.

भोक पाडताना ड्रिल दोन इंचांवर अडलं. आत स्लॅबची सळई लागली. सळई कापायची नसते हे मला माहीत होतं. मी दोन बोटं सरकून दुसरं भोक पाडलं, ते नीट खोल गेलं. पहिलं भोक पुट्टीनं भरून रंगाचा हात मारला. कुणाला दिसलं नसतं इतकं स्वच्छ.

मग मी वजन लावून बघायचं ठरवलं. माझ्या साडूंचं शाहूपुरीत गुळाचं दुकान आहे. मी त्यांना तीस-तीस किलोचे गुळाचे दोन रवे, म्हणजे ढेपा, घेऊन यायला सांगितलं. म्हणजे साठ किलो, पाळण्याच्या वजनाच्या दुप्पट. साडू रिक्षातून रवे घेऊन आले, पोत्यात घातले, आम्ही ते हुकाला टांगले.

"साडू, बारसं गुळाचं हाय का नातीचं?" ते म्हणाले.

"राहू दे रात्रभर. सकाळी बघू."

"सकाळपतोर मुंग्या उतरून खाली येतील आणि तुमचं वजनच कमी हुईल. मग हिशेब कसा लावायचा?"

मुंग्या खरंच आल्या. पण सकाळी हूक जिथल्या तिथं होता. मी त्याच्या दांड्यावर, छताला लागून, पेन्सिलनं खूण केली होती, तिथून तो एक केसभरही सरकला नव्हता. मी बायकोला म्हणालो, "झालं. आता हत्ती बसला तरी चालेल." ती म्हणाली, "हत्ती येणार न्हाय, माझी नात येणार हाय. नीट बघितलासा न्हवं?" मी म्हणालो, "साठ किलो लावलेत."

व्याही आल्या-आल्या वर बघून त्यांनीही विचारलं. मी त्यांनाही साठ किलो सांगितलं. "मग काय प्रश्नच न्हाय की," ते म्हणाले, आणि खुर्चीत बसले.

मी चटईवर बसलेला असताना बायकांचं बोलणं हळूहळू परत सुरू झालं. तेव्हा मला कळलं काय झालं ते.

नेसरीच्या घरची एक रीत आहे, आमच्याकडं नाही. वरवंटा पाळण्याखालून देताना त्यांच्याकडं चार बायका चार मोरांना धरून पाळणा वर उचलतात आणि सोडतात. उचलतात आणि सोडतात. जितक्या वेळा जास्त तितकं बरं, असं त्या समजतात. साखळ्या ढिल्या पडायच्या आणि मग बावीस किलोचं लाकूड एकदम खाली यायचं. माझ्या हुकाला प्रत्येक वेळी गचका बसत होता. साठ किलो त्याला लटकले होते ते न हलता, रात्रभर, शांतपणे. असा गचका त्याला कुणीच दिला नव्हता.

"तुमच्यात उचलत न्हाईत व्हय?" विहीणबाईंनी माझ्या बायकोला विचारलं. त्या स्वतः घाबरून गेल्या होत्या. एका मोराला त्यांचाच हात होता.

"न्हाय ओ. आमच्यात नुसतं हालवत्यात."

"मग सांगायचं न्हाय व्हय!"

"आमाला तरी काय म्हाईत तुमी उचलणार!"

 कुणीतरी हसलं, आणि ते हसू कुणालाच आवडलं नाही.

माझ्या पायाशी छताचा तुकडा पडला होता, हाताच्या तळव्याएवढा. मी तो उचलला. फास्टनर त्यात अजून घट्ट होता. तो सुटला नव्हताच. तो काँक्रीटचा तुकडाच घेऊन खाली आला होता. आणि तुकड्याच्या कडेला अर्धगोल कापल्यासारखी जागा होती, पांढऱ्या पुट्टीनं भरलेली. ते माझं पहिलं भोक. दोन भोकांच्या मधली दोन बोटांची जागा आधीच कमकुवत झाली होती, आणि तिथूनच स्लॅब तुटला होता. मी ते किती वेळ बघत बसलो होतो कोण जाणे. ती पुट्टी इतकी सफाईनं भरली होती.

एका पाळीचा फरक. वरवंट्यानंतर नात होती. हे वाक्य माझ्या डोक्यात तेव्हा आलं आणि नंतर बरेच दिवस ते तिथून गेलं नाही. जेवताना यायचं, गाडी चालवताना यायचं. 

नाव ठेवायचं राहिलं होतं. "मांडीवर घ्या," विहीणबाई म्हणाल्या. "पाळणा ऱ्हाऊ दे बाजूला." बाळाच्या आत्यानं, म्हणजे जावयांच्या बहिणीनं, जमिनीवर बसून बाळाला मांडीवर घेतलं आणि कानात नाव सांगितलं. घुगऱ्या वाटल्या. लोक जेवले. जेवण चांगलं झालं असं म्हणाले.

मुलगी सगळ्यात कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून बसली होती. बाळ तिनं कुणाच्या हातात दिलं नव्हतं, आत्याच्या मांडीवर ठेवतानाही एक हात तिचा होता. मी तिच्याजवळ गेलो. मला वाटलं ती मला बोलेल. ती वर बघून म्हणाली, "पप्पा, हा पंखा कशावर हाय?"

मी म्हणालो, "तो स्लॅब टाकतानाच सळईत अडकवलेला हूक आहे. घर बांधतानाचा."

"तुमी बघितलाय?"

 मी बघितला नव्हता. घर बांधलं तेव्हा गवंड्यानं सांगितलं होतं, एवढंच.

"आणि माझ्या पलंगावरचं ते फळकुट?"

ते मीच बसवलेलं होतं. त्याच्यावर तिची कॉलेजची पुस्तकं होती. बाळंतपणासाठी ती आली तेव्हापासून ती, आणि आता बाळही, त्याच फळीखाली झोपत होती.

"टीव्ही? गिझर? ते माळ्यावरचं दार?"

मी तिला थांबवलं नाही. ती एकेक वस्तू विचारत गेली आणि मी एकेकीकडं बघत गेलो. ह्या घरात जे जे वर होतं ते जवळजवळ सगळं मी वर लावलं होतं, आणि त्यातलं एकही किती धरून आहे हे मला खात्रीनं सांगता येत नव्हतं. तेवीस वर्षं मी त्या घरात राहतोय. त्या दुपारी ते मला पहिल्यांदाच बघितल्यासारखं वाटलं.

निघताना व्याह्यांनी मला अंगणात बाजूला घेतलं. चांगला माणूस, आवाज उंच, पण त्या वेळी त्यांनी आवाज खाली आणला. "पावणं, वाईट वाटून घेऊ नगासा. पण आयतवारच्या दिशी गाडी पाठवतो. दोघीस्नी आमी न्हेतो."

पहिल्या बाळंतपणाची मुलगी बाळ झाल्यावर माहेरी तीन महिने राहते. बाळाला अजून पंधरवडाही झाला नव्हता. त्यांना नाही म्हणायला माझ्याकडं तोंड नव्हतं. मी म्हणालो, "तिला विचारा." त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "बघते, मामा." सासऱ्यांना ती मामा म्हणते. माझ्याकडं तिनं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी ती फळी काढली. तिचे चार स्क्रू गिट्टीत होते. दोन काढायला स्क्रूड्रायव्हर घ्यावा लागला, दोन हातानं फिरवल्यावर निघाले. मी ते दोन हातात घेऊन स्वयंपाकघरात गेलो. बायको भाकरी थापत होती. मी स्क्रू ओट्यावर ठेवले. तिनं विचारलं, "हे काय?" मी म्हणालो, "फळी ह्याच्यावर होती." तिनं भाकरी तव्यावर टाकली नाही, परातीतच ठेवली आणि खाली बसली.

मग शिडी लावून मी पंख्याची वरची वाटी खाली सरकवली. आत हूक होता, जाड, सळईला वळसा घालून काँक्रीटमध्ये गेलेला. गवंड्यानं खरं सांगितलं होतं. मी मोबाईलवर फोटो काढला आणि मुलीला दाखवला. तिनं तो बोटांनी मोठा करून बघितला. "बरं," ती म्हणाली. बारशानंतर बाळाला घेऊन ती पहिल्यांदाच खोलीतून हॉलमध्ये आली.

साडूंना मी फोन केला. ते आले तेव्हा माझ्याकडं लांब सळी होती, बारा मिलिमीटरची, आणि खाली पाळण्यासाठी बंद कडी, उघडा हूक नाही. वर टाकायला सहा इंच चौरस पोलादी पट्टी. दोन नट, एकावर एक, म्हणजे हादऱ्यानं पहिला फिरायला लागला तर दुसरा त्याला अडवतो. ह्यावेळी जागा मी आधी टाचणीएवढ्या ड्रिलनं चाचपली, सळई टाळली, जुन्या खड्ड्यापासून हातभर लांब.

खालून वर ड्रिल गेलं आणि गच्चीत बाहेर आलं. साडू वर उभे होते. वरून त्यांचा आवाज आला, "आलं आलं! उजेड दिसतोय का साडू? आता हितनं नातीस चांदण्या दावा."

"पट्टी बसवा आधी."

"पाऊस आत आला की काय करणार?"

"बघू."

"छत्री घिऊन झोपा आणि काय."  मग ते जरा वेगळ्या आवाजात म्हणाले, "आवळू का? किती आवळू?"

"मी वर येतो."

मी वर गेलो. नट मी आवळला. आवळून झाला तरी पान्यावर मी परत परत जोर देत राहिलो, आणि साडूंनी त्यावर काही थट्टा केली नाही. त्यांनी पट्टीवर पाय देऊन ती धरून ठेवली.

खाली आल्यावर मी पोतं मागितलं. रवे परत आणू, म्हणालो, ह्यावेळी तीन आणू. मुलगी दारात उभी होती. ती म्हणाली, "गूळ नको, पप्पा. बायका बोलवा."

तिनं आईला आणि मावशीला बोलावलं, शेजारच्या दोघींना हाक मारली. पाळणा टांगला. पडताना एका कोपऱ्यावरचा मोर मोडला होता. तो मी लाकडी खुंटी आणि गोंद लावून बसवला होता. खिळा मारायला मुलीनंच नको म्हटलं, कधीतरी त्याचं टोक आत निघेल म्हणून. पाळण्यात तिनं तोच वरवंटा ठेवला, कपचा उडालेला. बायकोनं अंगडं-टोपडं घालायला नकार दिला. "ते आता त्या दगडाला न्हाय," ती म्हणाली. वरवंटा उघडाच होता.

"उचला," मुलगी म्हणाली.

चौघींनी मोर धरून पाळणा उचलला.

"अजून वर. नेसरीसारखं. आणि सोडा."

पाळणा खाली आला. साखळ्या ताणल्या. कडी करकरली नाही, छताला काही झालं नाही.  आवाज तसाच होता, फक्त शेवटचा आपटा नव्हता, आणि मी दर वेळी त्या आपट्याची वाट बघत होतो.

"परत."

मी मोजायचं थांबवलं. बायका दमल्या. शेजारची म्हणाली, "अगं ए, आता आमालाच पाळण्यात घाल." मग साडूंनी पाळणा सोडवला, कडीत दोर अडकवून दोन्ही हातांनी लोंबकळले, पाय वर घेतले आणि झोका घेतला. त्यांचं वजन नव्वदच्या वर आहे. त्यांची बायको ओरडली, "अवो, लुंगी!" सगळ्या हसल्या. मुलगीही हसली, पण डोळे कडीवरच होते.

पाळणा परत टांगला आणि दुपारभर ती त्याची दोरी ओढत बसली. पाळण्यात वरवंटा, मांडीवर बाळ. मी बाजूला पेपर धरून बसलो होतो, वाचत नव्हतो. दगड एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडं घरंगळून लाकडाला लागायचा, ठक. परत ठक. ऊन उतरायला लागलं तेव्हा तिनं दोरी सोडली, वरवंटा उचलून माझ्या हातात दिला आणि गोधडी नीट केली. बाळाला आत ठेवलं. डावा हात मात्र तिनं काढला नाही. तो पाळण्याच्या खाली, तळाला लागून ठेवला. पाळणा हलला की हात बरोबर हलायचा. उजव्या हातानं दोरी, डावा हात खाली.

हात काढ असं मी तिला म्हणालो नाही. वरवंटा मांडीवर घेऊन मीही बसून राहिलो.

रविवारी गाडी आली. व्याही आले, छताकडं बघितलं, तसेच गच्चीत गेले, खाली आले. "वर पट्टी मोठी टाकलीया," ते म्हणाले. मग सुनेकडं वळले. ती म्हणाली, "मामा, आणि थोडं दिवस हितंच ऱ्हाते." त्यांनी नातीच्या मुठीत एक नोट ठेवली, ती तिनं घट्ट धरली, आणि गाडी रिकामी परत गेली.

पुढं पावसाळा लागला. मला भीती होती तसंच झालं. पट्टीच्या कडेनं पाणी उतरलं, आणि कडीभोवती छतावर ताटलीएवढा ओला डाग पडला. बायको म्हणाली, सिमेंट भरून घ्या. मी भरून घेतलं, नटांवर डांबर लावलं, तरी थोडं झिरपतंच. पाऊस थोडा उघडला की मी पाना घेऊन गच्चीत जातो. डांबर बाजूला करून दोन्ही नट हातानं हलवून बघतो. अजून हलले नाहीत. मग पान्यानं बघतो. मग परत डांबर लावतो. साडू म्हणतात, हा नट तुम्हाला ओळखायला लागला असेल.

तीन महिने झाल्यावर मुलगी आणि नात नेसरीला गेल्या. पाळणाही गेला. तिथं तो परत तुळईला टांगलाय. आमच्या हॉलमध्ये आता रिकामी कडी आहे. वरवंटा स्वयंपाकघरात आहे, चटणी वाटताना त्याचं उडालेलं टोक पाट्यावर खरखर करतं. बायको दुसरा आणायला तयार नाही.

परवा फोनवर मी मुलीला विचारलं, "तिथली कडी बघितलीस का?"

"पहिल्या दिशीच. मामास्नी शिडी लावायला लावली. आरपार हाय, वर वळवून ठोकलीया. रोज बघते."

"रोज?"

"रोज."

 मला विचारायचं होतं ते विचारणं बरं दिसेल का ते कळेना. मग विचारलंच. "आणि हात?"

फोनवर पाळण्याची साखळी ऐकू येत होती, सावकाश, एकसारखी.

"खालीच हाय की, पप्पा," ती म्हणाली.